चिंचमळा स्टेशनचे मन्सूरभाई

मन्सूरभाई तांबोळी बोलण्याआधी समोर जे असेल त्यावर दोन टिचक्या मारायचे. फाटक असो, सायकलचं सीट असो की चहाची बशी असो. टक टक करायचे, मान तिरकी करून कानोसा घ्यायचे आणि म्हणायचे, "हालो." माईक चालू आहे की नाही हे बघायची ती सवय, समोर माईक नसला तरी सुटायची नाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. स्पीकर लावायला आले होते. मुख्याध्यापक भाषणाला उठायच्या बेतात होते, तेवढ्यात यांनी त्यांच्याच टेबलावर टक टक केलं. "हालो. सर, आवरतं घ्या. जनरेटरमधी डिझेल कमी हाय." मुख्याध्यापकांनी खरोखरच आवरतं घेतलं. शाळेवर एवढा मोठा उपकार दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

नील आणि तारा, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, रोज संध्याकाळी तू असतेस कुठे?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे लिहिते आहे. पहिल्यापासून आणि क्रमाने सांगते, म्हणजे मध्ये प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

मन्सूरभाईंचं घराणं जुन्नरचं. बाजारात त्यांच्या वडिलांचं पानाचं दुकान होतं. मोठे भाऊ त्या दुकानात बसले, यांना बसवेना. लग्नानंतर ते बायकोच्या गावी, म्हणजे आपल्या चिंचमळ्यात आले आणि लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. लग्न, कीर्तन, उरूस, निवडणूक, सगळीकडे त्यांचेच कर्णे. पण नाव झालं ते घाटामुळे. आपल्याकडे घाट म्हणजे फक्त डोंगरातला रस्ता नव्हे. गावच्या यात्रेला बैलगाड्यांची शर्यत होते, ती चढावरची धावपट्टी म्हणजेही घाटच. त्याच्या माथ्यावर स्टेज असतं आणि तिथून एक माणूस धावणाऱ्या गाड्यांचं वर्णन करत असतो. मन्सूरभाई त्यातले राजे होते. "सुटला, सुटला, सुटला! पावणं, आधी धुरळा बघून घ्या, बैल मागनं येतायत!" असं ते म्हणाले की चढावरची सगळी माणसं उभी राहायची.

आवाजाचा त्यांना गर्व होता, हेही सांगितलं पाहिजे. गालात सतत ज्येष्ठमधाची कांडी. थंड पाणी वर्ज्य. दुसरा कोणी माईकवर बोलू लागला की चेहरा असा करायचे, जणू कोणी त्यांचे कपडे घालून फिरतंय. घाट सोडला तर माईकवर त्यांचं मराठी छापील पुस्तकासारखं असायचं. माईक बंद झाला की लगेच "व्हतं" आणि "न्हाई". मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुमी शाळेला जाताना इस्त्रीची साडी नेसता आन घरी दुसरी. तसंच हाय."

मध्ये काही वर्षं शर्यती बंद होत्या. त्या काळात यात्रेच्या दिवशी मन्सूरभाई एकटेच कर्णा घेऊन रिकाम्या घाटावर जायचे आणि न पळणाऱ्या गाड्यांचं वर्णन करायचे. गाडामालकांची नावं घ्यायचे, बैलांची नावं घ्यायचे. लोक म्हणाले, वेड लागलं. मी विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. "बाई, घाट मुका झाला की शेजारचा त्यात नांगर घालतो. ज्या जागेचं नाव कोनी घेत न्हाई, ती जागा कोनीतरी खातं." शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा आसपासच्या काही गावांच्या घाटांत खरंच कांदा उभा होता. आपला घाट मोकळा होता.

आता रेल्वेचं सांगते. शहर वाढत वाढत आपल्याकडे सरकलं. आपल्या पुढच्या माळावर नवनगर म्हणून मोठी वसाहत उठली. उंच इमारती, दवाखाने, कंपन्या. शहरापासून नवनगरापर्यंत हलकी रेल्वे न्यायचं ठरलं. दोन-तीन डब्यांची, विजेवर चालणारी, मेट्रोच्या धाकट्या बहिणीसारखी. मार्ग पेठवरून येणार, चिंचमळ्याच्या शेतांतून जाणार आणि नवनगरात संपणार. आपल्या गावाने जमिनी दिल्या. कुरकुर झाली, पण दिल्या. त्यात आपल्या विहिरीकडच्या शेताचा मोठा भागही गेला. उरला तो रुळांना लागून एक तिकोनी तुकडा. पहिल्या नकाशात चिंचमळ्यापाशी तुटक रेघेचं एक वर्तुळ होतं. बाजूला लिहिलं होतं, 'मागणी आल्यास थांबा'. म्हणजे मागायचं तेवढं बाकी होतं.

ते मागण्यासाठी शाळेच्या पटांगणात जनसुनावणी ठेवली. मोठे साहेब येणार, म्हणून गावाने कमान उभारली. सूत्रसंचालन अर्थातच मन्सूरभाईंकडे. आणि तिथे जे घडलं ते आपल्याच गावात घडू शकतं. पाहुणा वेशीत आला की आधी त्याचा मान, मग काम, ही आपली रीत. मन्सूरभाईंनी टक टक केलं आणि सत्काराला सुरुवात केली. साहेबांना फेटा, शाल, नारळ. त्यांच्या हाताखालच्या साहेबांना फेटा, शाल, नारळ. मोजणीवाल्यांना, भूसंपादनवाल्यांना, मग पेठ आणि नवनगरच्या पाहुण्यांना. प्रत्येकाची ओळख अशी रंगवून, की साहेब स्वतःही मान वळवून बघत होते, हा कोण थोर माणूस आपल्या ऑफिसात आहे. शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरला व्यासपीठावर बोलावलं. "ज्यांच्या हातात साहेबांचं स्टेअरिंग आहे, असे..." टाळ्या पडल्या. ड्रायव्हरचे डोळे भरून आले. सरपंच दत्ताभाऊ थांब्याची मागणी करायला उठले, तेव्हा साहेबही उठले. त्यांना पुढची सुनावणी घोडेगावला होती. "आपलं प्रेम पाहून भारावलो," असं म्हणाले, नारळ काखेत मारून गाडीत बसले आणि गेले.

पुढे इतिवृत्त आलं. 'ग्रामस्थांनी प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत केले. कोणतीही मागणी अथवा हरकत नाही.' नव्या नकाशात वर्तुळ नव्हतं.

गाव मन्सूरभाईंवर तुटून पडलं. "राव, तुमी ड्रायव्हरला फेटा बांधला आन आमाला टोपी घातली," दत्ताभाऊ चारचौघांत म्हणाले. मन्सूरभाई उत्तर द्यायला टिचकी मारतील असं वाटलं. हात वर गेला आणि तसाच खाली आला.

त्यांच्या घरातही हा थांबा हवाच होता. त्यांची एकुलती एक मुलगी शाहीन शहरातल्या दवाखान्यात नर्स आहे. माझी विद्यार्थिनी. हायवेवरच्या गर्दीत रोज जाऊन-येऊन नोकरी करणं शक्य नव्हतं, म्हणून ती तिकडे खोली घेऊन राहते. गाडी चिंचमळ्याला थांबली असती तर ती रोज संध्याकाळी घरी जेवायला आली असती. खैरूनभाभी, म्हणजे मन्सूरभाईंच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "बाई, गाडी येऊ द्या, मग मी तिचं ताट रोज मांडते." सुनावणीनंतर त्या नवऱ्याला एकच वाक्य बोलल्या. "लोकांच्या पोरांची नावं घेतलीत, आपल्या पोरीचं तेवढं राहिलं."

मग अर्ज झाले. दत्ताभाऊ घोडेगावला, तालुक्याच्या कचेरीत, खेटे घालून आले. उत्तर एकच मिळालं : मागणीची वेळ गेली. रूळ पडले, तारा ओढल्या गेल्या, गाडी सुरू झाली. पेठच्या स्टेशनवरून संध्याकाळी आपल्याकडे वाहन नाही. नवनगराहून निदान जीपा येतात. म्हणून शाहीन शनिवारी गाडीने यायची ती आपल्या घरासमोरून पुढे जायची, नवनगरला उतरायची आणि जीप भरेपर्यंत थांबून मागे यायची. स्वतःच्या दारावरून पाहुण्यासारखी पुढे जायची.

अशाच एका सकाळी मन्सूरभाई माझ्या फाटकाशी आले. टक टक नाही, हालो नाही.

"बाई, तुमचा तो तिकोनी तुकडा काय करताय?"

"काही नाही. गवत वाढलंय."

"मला द्या."

"कशाला?"

"स्टेशन करायचंय."

मला वाटलं, मनावर परिणाम झाला. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते म्हणाले, "गाडी आमची न्हाई, रूळ आमचे न्हाईत. पर जागा तुमची हाय आन आवाज माझा हाय. आपुन गाडी अडवायची न्हाई, दगड मारायचा न्हाई, रुळाकडं पाऊलसुदीक टाकायचं न्हाई. आपल्या शेतात हुबं राहून सांगायचं, गाडी येतीय म्हनून. रोज. घाटाचं केलं तसं."

"आणि त्याने गाडी थांबेल?"

"थांबल का न्हाई ते तिचं ती बघंल. पर हितं चिंचमळा हाय हे तिला रोज ऐकावं लागंल."

मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना रांगेत उभं केलं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. बेशिस्त मला खपत नाही. पण ह्यात बेशिस्त कुठे होती? आपलं शेत, आपला आवाज. मी हो म्हणाले.

त्यांनी गवत काढलं. लग्नाच्या मांडवातली पत्र्याची शेड उभारली, एक बाक टाकला, पाण्याचा माठ ठेवला. रंगाऱ्याकडून पिवळी पाटी करून घेतली, काळ्या अक्षरांत 'चिंचमळा'. आणि पाटी लावताच ते पुन्हा माझ्याकडे आले. ह्या वेळी टक टक जोरात होतं.

"हालो. बाई, अडचन हाय. स्टेशन म्हनलं की तीन भाषा लागतात. मराठी माझी हाय. हिंदी मी मारून नेतो, टीव्ही बघून. इंग्रजी तुमची."

"मी? माईकवर?"

"मग काय, पेठवरून बाई आनू?"

मी त्यांना वाक्य लिहून दिलं. त्यांनी मराठी तयार केलं होतं, 'गाडी चिंचमळा येथे थांबणार नाही.' मी म्हटलं, असं कायमचं का म्हणायचं? 'अजून थांबत नाही' म्हणू या. त्यांनी स्वतःचं वाक्य खोडलं. मग म्हणाले, "बाई, तुमी घाटावर पायजे व्हता."

पहिल्या संध्याकाळी गावातली बरीच माणसं मजा बघायला आली होती. लांबून गाडी दिसली. मन्सूरभाईंनी माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि आवाजाला इस्त्री केली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शहराकडून नवनगराकडे जाणारी गाडी काही क्षणात चिंचमळा स्थानकावर येत आहे. ही गाडी चिंचमळा येथे अजून थांबत नाही. प्रवाशांनी उतरण्याच्या तयारीत राहावे."

मग हिंदी. मग मी. माझा आवाज कापत होता, पण उच्चार स्पष्ट होते. गाडी सर्रकन गेली. खिडकीतले चेहरे पाटीकडे वळून बघत गेले. आपली माणसं हसली, मग हसायची थांबली. म्हातारा गेनबा गवंडी म्हणाला, "आयला, खरंच वाटलं की राव, थांबती म्हनून." दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन बाकावर येऊन बसला. "कुठं निघालास?" कोणी विचारलं. "निघालो न्हाई. वाट बघतोय," तो म्हणाला. हळूहळू पाळ्या लागल्या. बायका भाजी निवडायला तिथेच येऊ लागल्या. गाडीची वेळ झाली की उठून, पदर नीट करून, चढणाऱ्यांसारख्या रांगेत उभ्या राहायच्या.

गाडीतली आपली माणसंही शहाणी झाली. पेठ सुटलं की ती उठतात, सामान घेऊन दारापाशी उभी राहतात आणि चिंचमळा गेला की पुन्हा जागेवर बसतात. बाकीचे प्रवासी विचारतात, मग ती सांगतात.

शनिवारी मात्र मन्सूरभाई स्वतःची जास्तीची ओळ घालायचे. "डाव्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीतल्या शाहीन तांबोळी यांनी लक्ष द्यावे. आज घरी कालवण मेथीचे आहे. नवनगरला काही खाऊ नये." गाडीतून एक हात हलायचा. एकदा शाहीन घरी आल्यावर ओरडली, "अब्बा, सगळा डबा मला विचारतो, आज काय म्हणून!" खैरूनभाभी म्हणाल्या, "मग सांगत जा की. आपल्यात लपवण्यासारखं काय शिजतंय?"

पुढच्या उन्हाळ्यात साहेब आले. फेटा बांधून गेलेले तेच. आम्ही सगळे शेडमध्ये होतो. ह्या वेळी कोणी उठलं नाही. मन्सूरभाईंनी माठातलं पाणी तेवढं दिलं.

"साहेब, या बारीला नारळ न्हाई. आदी काम."

साहेब बिचारे वाईट नव्हते. म्हणाले, "प्रवासी गोंधळतात हो. अनधिकृत उद्घोषणा आहे ही."

"शेतात बाई हायत, शेत बाईंचं हाय. मी बाईंशी बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, एवढंच."

"कर्णा रुळांकडे आहे."

मन्सूरभाई उठले आणि कर्णा सावकाश शेजारच्या शेतातल्या उन्हाळी ज्वारीकडे फिरवला. "आता ज्वारीला सांगतो. गाडीला कान असतील तर ऐकंल."

साहेबांना हसू आलं. मग त्यांनी खरं काय ते काढलं. नवनगरच्या स्टेशनात कायमची उद्घोषणा लागणार होती, रेकॉर्ड केलेली. सगळ्या मार्गावर, सगळ्या गाड्यांत तोच आवाज. मन्सूरभाईंचा आवाज त्यांनी ऐकला होता. असा आवाज स्टुडिओतही मिळत नाही, म्हणाले. "तुमचाच आवाज लावतो. हे इथलं तेवढं बंद करा."

मी मन्सूरभाईंकडे पाहिलं. ह्या माणसाने आयुष्यभर ह्याच एका गोष्टीची वाट पाहिली होती. गालातली कांडी हलायची थांबली. बायका निवडलेली भाजी हातात धरून बसून राहिल्या. कोणीही त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी बाकावर टक टक केलं. "हालो. साहेब, त्या रेकॉर्डिंगमधी स्टेशनांची नावं मीच घेनार ना?"

"अर्थात."

"पेठ घेनार. मग?"

"मग नवनगर."

"मधी?"

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग माझ्याच तोंडानं माझं गाव गाळू व्हय?" मन्सूरभाई म्हणाले. "येकदा सत्काराच्या नादात गाळलं. दोनदा न्हाई."

साहेब गेले. संध्याकाळची गाडी आली आणि मन्सूरभाई असे बोलले, की घाटावरही कधी तसे बोलले नव्हते.

त्यांनी एक हट्ट धरला होता : चढेन तर चिंचमळ्यातूनच चढेन. ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. शाहीनला भेटायला जायचं तरी एसटीने तासन्‌तास अडकून जायचे. खैरूनभाभी चिडायच्या. "गाडीवर रुसलेला हा जगातला पहिला नवरा!" मलाही तो हट्ट वेडा वाटायचा, आणि वाटतो. गेल्या थंडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. जीपने नवनगरच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीतून स्टेशन दिसत होतं, आणि नव्या उद्घोषणेचा कोणा बाईचा गोड, गुळगुळीत आवाज येत होता. मन्सूरभाई डोळे मिटून ऐकत होते. मला पाहिल्यावर त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी दोन टिचक्या मारल्या. आवाज फारच लहान आला.

"बाई, पेठनंतर ती श्वास घेतीय. आयकलं? तिथंच आपलं नाव बसतं. जागा तयार हाय."

त्याच आठवड्यात ते गेले. दफनाला सगळं गाव होतं, जुन्नरहून त्यांचे भाऊ आले होते. त्या दिवशी स्टेशनवर कोणी गेलं नाही. संध्याकाळी मी अंगणात बसले होते. गाडी नुसतीच गेली. किती मुक्याने गेली, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मराठी दत्ताभाऊंनी म्हटलं. हिंदी गेनबाच्या सुनेने म्हटलं, मन्सूरभाईंपेक्षा बरं. इंग्रजी माझं होतं. शनिवारी खैरूनभाभी आल्या. माईकच्या जवळपासही त्या कधी फिरकल्या नव्हत्या. गाडी दिसली तशा पुढे झाल्या, माईक हातात घेतला, आणि टिचकी मारायची असते हे त्यांना आठवलं. टक टक. मग, तुम्ही-आम्ही बोलतो तसंच, म्हणाल्या, "शाहीन, आज वांगं केलंय. ताट मांडलंय. ये लवकर." डाव्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीतून हात हलला. आणि मुलांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं : गाडीने भोंगा दिला. थांबली नाही. पण आता रोज देते.

तुम्ही सुटीत याल तेव्हा तुमची आई विमानतळावरून मोटार करू म्हणेल. करू नका. गाडीने या, डाव्या बाजूला बसा. पेठ सुटलं की उठा, बॅगा घ्या आणि दारापाशी जाऊन उभे राहा. तिथे आपल्या गावची आणखी माणसं उभी असतील, त्यांना नमस्कार करा. कोणी म्हणेल, "बाळांनो, गाडी इथे थांबत नाही." त्याला म्हणा, "अजून." आणि बाहेर लक्ष ठेवा. तिन्ही भाषांत मी तुमची नावं घेणार आहे, आणि जेवायला काय आहे तेही सांगणार आहे.